एका गालाचं हसू

पाहुणे ऑपरेशनची चौकशी करून चहा पितात आणि जाताना एखादा किस्साही ऐकून जातात. शहापूरच्या आमच्या घरात असे बरेच साठलेत. सासूबाईंच्या डाव्या कानाखाली, लाळेच्या ग्रंथीत गाठ होती. साधी निघाली, देव पावला! पण चेहऱ्याची नस दुखावली आणि हसू उजव्या गालावरच थांबायला लागलं. तेव्हापासून आई फोटो काढू देत नाहीत.

*

जखमेतून लाळ पाझरायची, म्हणून आंबट एकदम बंद. नेमकी तेव्हाच नणंदेनं खर्डीहून करवंदं पाठवली! ड्रेसिंगला गेलो तर पट्टी ओलीचिंब.

"आजी, काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय नाय हो. नुसती बघितली!"

*

डावा डोळा झोपेतही पूर्ण मिटायचा नाही. एका दुपारी आई आडव्या झाल्या होत्या. मी आणि माझी जाऊ सुमन हळूच त्यांच्या आमटीला नावं ठेवत होतो.

सुमन दचकली. "गप गो, त्या बघतात!"

"झोपल्यात गो. डोळा तसाच राहतो."

"मीठ तुमीच घातलंत दोघींनी," आई म्हणाल्या.

*

कानाची पाळी बधिर झालीय. कुडी पडली तरी त्यांना कळत नाही. एकदा बाजारात पडलीच, नशिबानं पदरात अडकली. तेव्हापासून बाहेर निघताना त्या मान वाकडी करून माझ्यापुढे उभ्या राहतात. "कान बघ गो." मी फिरकी चाचपून बघते. ते मला फार आवडतं.

*

माझ्या लेकीचं लग्न मुरबाडला ठरलं. आईंनी आधीच बजावलं, "फोटोत मी नाय हां. पोरीच्या अल्बमात वाकडं तोंड कशाला?"

लेक म्हणाली, "आजी नसेल तर मीपण नाय उभी राहणार!" आणि खरंच रडायला लागली.

मांडवात फोटोसाठी सगळे जमले. आई मागच्या खुर्चीवरून हलेनात. शेवटी बाबा, म्हणजे माझे सासरे, उठले. हा माणूस उभ्या आयुष्यात फोटोत हसलेला नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही! त्यांनी आईंचा हात धरला.

"चल गो. मी हाय ना बाजूला."

आणून शेजारी बसवलं. फोटोग्राफर म्हणाला, "हसा!"

फोटो निघाला. त्यानं कॅमेऱ्यात बघितलं, परत बघितलं आणि हळूच माझ्याजवळ आला.

"वहिनी, आजोबांचं पण ऑपरेशन झालंय काय?"