नारळ आणि निजलेला वाघ

शिकत असताना मी उंदरांना झायलाझिन टोचायचे. गाईगुरांना शांत करायचं औषध, इथे फक्त थेंबभर. थोड्याच वेळात उंदराच्या मिशा थांबत, तो पोटावर पसरे, चिमटा काढला तरी ढिम्म! मेंदूत धोक्याची वर्दी देतं ते नॉरॲड्रेनॅलिन. हे औषध त्यालाच अडवून धरतं, म्हणून भीती अंगात उतरतच नाही. पण एकदा स्टीलचा ट्रे खाली पडला आणि तोच मेल्यासारखा उंदीर उसळून माझ्या अंगठ्याला कडकडून चावला. वर्दी संपलेली नसते, नुसती कोंडलेली असते.

मागच्या हिवाळ्यात सिंदेवाहीजवळ कापलेल्या धानाच्या बांधीत, बांध घातलेल्या भातशेतात, वाघ येऊन बसला. मी आता जनावरांची डॉक्टर आणि माझा धाकटा भाऊ वाघ पकडणाऱ्या पथकात. तेच औषध, जोडीला आणखी एक, डार्टने मारलं. वाघ आडवा झाला. भाऊ त्याच्या डोक्याशी बसून डोळ्यांवर फडकं बांधू लागला. मी डार्ट उपसून पाहिला, तर निम्मं औषध आतच! लगेच दुसरी सुई टोचली, पण ती चढायला वेळ लागणार होता.

तेवढ्यात मागच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, एक म्हातारी आली. हातात नारळ. आमच्याकडे वाघ म्हणजे देव, आणि देव शेतात आला की नारळ फुटलाच पाहिजे. तिने धुऱ्यालगतच्या एका दगडासमोर बसून हात जोडले आणि नारळ उचलला.

मला ओरडता येईना. माझ्याच आवाजाने वाघ उठला असता आणि भाऊ त्याच्या तोंडाशी होता. मी धसकटांतून धावले आणि दगडावर हात ठेवला.

नारळ बोटांवर आला. मी ओढणी दातांत धरली.

"काऊन वो बाई," ती दबकून म्हणाली, "देवाले नारळ नाई फोडू देत?"

"फोडजो मावशी. पन आधी माह्या भावाले तिथून उठू दे."

तिने तिकडे पाहिलं. मग नारळ पदराखाली घेतला, माझा सुजलेला हातही घेतला, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

वाघ पिंजऱ्यात गेला. भाऊ हसत आमच्याकडे आला, तशी म्हातारी उठली, तोच नारळ त्याच्यावरून ओवाळला आणि दगडावर फोडला.

त्या आवाजाला मी एकदाची ओरडले.