जाऊबाईंचं वेगळं ताट

लग्न होऊन सुरतेला आले तेव्हापासून दुपारी मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई एकाच ताटात जेवतो. आमचे नवरे कापड विणायच्या लूमवर गेले की आम्ही साड्यांना टिक्या चिकटवायला बसतो. भूक लागली की साड्या बाजूला सारून मधे ताट घेतो. भाकरीची कडक कड त्या मला देतात. मला ती आवडते हे मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ओळखलं.

त्यांची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी या वर्षी अंगावरून लाल जायला लागलं. मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत सापडलाय, पाच-सहा आठवडे रोज किरणांचा शेक घ्यायचा आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. बोलता बोलता असंही म्हणाल्या की हा एका व्हायरसमुळे होतो.

पुढचं मी ऐकलंच नाही. मला कोरोनाचे दिवस आठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन ताटं घेतली. भाकरीची कड माझ्याकडे सरकवताना त्यांचा हात मधेच थांबला.

संध्याकाळी त्यांनी आपलं ताट आणि पेला खिडकीत वेगळा ठेवला. माझी धाकटी वेणी घालून घ्यायला त्यांच्यापुढे बसली, तर तिला म्हणाल्या, "आईकडे जा." आणि शेक सुरू व्हायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "मी नाही जाणार. रोज भरल्या रिक्षात बसू आणि दहा जणांना लावत फिरू?"

त्यांच्या नवऱ्यानं, माझ्या जेठांनी, समजावलं, मग ते ओरडले. त्या हलल्या नाहीत. याची सुरुवात कुठून झाली ते आम्हा दोघींनाच माहीत होतं.

सकाळी त्यांची फाईल घेऊन मी एकटी गेले. दवाखान्यात मी कधी तोंड उघडत नाही, जाऊबाईच बोलतात. गर्दी ओसरेपर्यंत दाराशी उभी राहिले. मग अर्धं गुजराती, अर्धं हिंदी करत विचारलं, "एका ताटात जेवलं तर लागतं का?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. नवरा काय करतो ते विचारलं आणि मग सांगितलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीला ठाऊक असतं, किती वाढायचं आणि कुठे थांबायचं. सर्दीचा व्हायरस पेशीत शिरला की तिच्याकडून आपल्यासारखेच आणखी करवून घेतो, चार दिवसांत शरीर त्याला संपवतं. हा व्हायरसही बहुतेक बायकांच्या शरीरातून आपोआप जातो. एखादीच्या शरीरात तो वर्षानुवर्षं राहतो आणि पेशीचं थांबणंच बिघडवतो.

"धागा तुटला की लूम बंद पडतो ना?" त्यांनी विचारलं.

"हो. पण तुटलेलं ओळखणारी तार खराब असली तर चालतच राहतो. सगळं कापड बिघडतं."

"तसंच. ती बिघडलेली पेशी तुझ्या जेठाणीची स्वतःची आहे. ती दुसऱ्याला लागत नाही. आणि हा व्हायरस ताटातून, पेल्यातून येत नाही." मग तो कसा येतो ते सांगितलं. मी खाली पाहत राहिले.

घरी येऊन मी दोघींसाठी एकच ताट वाढलं. जाऊबाई लांबच बसल्या. "मना भेव लागस ना तुले?" त्यांनी विचारलं.

"वाटत होती भीती," मी म्हणाले. "माझं चुकलं, ताई." मग ऐकलेलं सगळं सांगितलं. शेजारच्या लूमवरचं कापड बिघडलं म्हणून आपल्या लूमवरचं बिघडत नाही, हेही सांगितलं. इतकं मी एका दमात आयुष्यात बोलले नव्हते.

"मग आला कसा तो?"

"नवरा-बायकोत येतो म्हणे. कधी आला, कुणाकडून, ते आता सांगता येत नाही. माणसाला स्वतःलाही कळत नाही."

त्या ताटाजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या जेठांना कोथिंबीर आणायला सांगितली तर विसरतात. हे बरं आठवणीनं आणलं."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, मग पदर डोळ्यांना लावून बराच वेळ रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. अन्न गार झालं ते तसंच जेवलो.

दुसऱ्या दिवसापासून शेक सुरू झाला. आता चौथा आठवडा आहे. त्यांना अन्न जात नाही, जिना चढताना दोनदा बसतात. गुण किती आला ते सगळं संपल्यावर, काही महिन्यांनी तपासूनच कळेल. मला रात्री त्याची धास्ती वाटते, पण त्यांच्यापुढे मी ते काढत नाही.

काल शेकाच्या खोलीबाहेर एक नवीन बाई बसली होती. पिशवी मांडीवर, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून. जाऊबाई सरळ तिला खेटून बसल्या. ती अंग चोरायला लागली.

"बस वं माय नीट," जाऊबाई म्हणाल्या. "तुला लूम माहीत आहे का?"