कुंपणाबाहेरचा लिंब

रिना बिडी ओढते म्हणून मिरची वाळवायच्या आख्ख्या पथारीवर बोभाटा झाला, तेव्हा माझं टाळकंच सरकलं. म्हणे मोबाईल बघून पोरी बिघडल्या. म्हणे डोंगरातल्या पोरी अशाच. अरे, तिच्या आईनं, दिवलीबाईनं, जन्मात कधी बिडी हातात धरली नाही! आणि रिनाजवळ मोबाईल आहेच कुठे?

सोळा वर्षांची पोर. धडगावकडून आईबरोबर नंदुरबारला मिरचीच्या हंगामाला आली. आश्रमशाळेत धावण्यात पहिली यायची. मास्तरांनी सांगून ठेवलेलं, उन्हाळ्यात जिल्ह्याच्या निवडीला ये, पायांत जोर आहे तुझ्या. पहिल्याच दिवशी तिनं मला हे सांगितलं, एवढी खूश होती. माझ्या शेजारीच बसायची देठ खुडायला.

आता हे काम कसं असतं ते ऐका. लाल मिरचीच्या ढिगासमोर सकाळी बसायचं ते संध्याकाळी उठायचं. मिरचीचा खकाणा नाकातोंडात, बोटांची आग, शिंकून शिंकून बरगड्या दुखतात. पाण्याचा माठ आतच, म्हणजे पाण्याच्या निमित्तानंही बाहेर पडायला नको. पण पोती उचलणारे हमाल दिवसातून चार वेळा कुंपणाबाहेर लिंबाखाली जाऊन मजेत बसतात. का? तर बिडी प्यायला. वाळक्या मिरचीत ठिणगी पडली तर सगळंच जाईल, म्हणून मुकादमाचा नियमच, बिडी प्यायची तर बाहेर जा. जो पीत नाही त्याचं बाहेर काय काम?

रिना हुशार. दोन आठवडे तिनं हे बघितलं आणि एक दिवस उठून लिंबाखाली जाऊन बसली. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं बिडी देताना वयसुद्धा विचारलं नाही मेल्यानं.

मी तिला बाजूला घेतलं. "बिडी कसाले पिस व माय?"

ती मान खाली घालून म्हणाली, "मावशी, उठायला मिळतं. बाहेर हवा आहे."

वीस वर्षं मी त्या ढिगासमोर बसले, पण उठायचं मला सुचलं नाही. या पोरीला सुचलं, तर तिच्या हाती बिडी आली.

असं दोन महिने चाललं, बोभाटा वाढत गेला, आणि परवा मुकादम बन्सीलालनं तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "पोरीची जात, लाज नाही वाटत? उद्यापासून येऊ नकोस." दिवलीबाई रडायला लागली. हमाल हसत होते, हातात बिड्या घेऊन!

मी उठले, पदर खोचला आणि सरळ कुंपणाकडे चालू लागले.

"कमलबाई, कुठे निघाल्या?"

"बिडी प्यायला, बन्सीभाऊ."

"तुम्ही? बिडी कुठंय तुमच्याकडे?"

"नाही ना! तुमच्या खिशातली द्या."

मागे वळून बघते तर बेबीबाई उठली, रमीबाई उठली, मग ओळच्या ओळ उठली. लिंबाखाली जागा पुरेना. बन्सीलाल ओरडला, मग विनवू लागला, पुन्हा ओरडला. मी म्हटलं, "आम्हाला बिडी नको. आम्हाला हमालांएवढंच उठू दे. आणि या पोरीला काढलंस तर आम्ही इथंच बसलो." ढीग तसाच पडलेला, संध्याकाळी गाडी भरायची होती. शेवटी कबूल झाला. बायकांनाही चार वेळा सुट्टी, आणि रिना कामावर.

काल पहिली सुट्टी झाली. रिना म्हणाली, "मावशी, बघा हं," आणि रस्त्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत धावत सुटली. आम्ही टाळ्या वाजवल्या. खांबापाशी पोचली आणि कमरेत वाकली. खोकता खोकता चालतच परत आली, लिंबाखाली बसली, आणि हात आपोआप ओढणीच्या गाठीकडे गेला. तिथं बिडीचं बंडल होतं.

बन्सीलालनं बघितलं. "आता तर सुट्टी मिळाली ना? बघा, सवयच वाईट पोरीची."

"तिची सवय?" मी एवढ्यानं ओरडले की टपरीवाला बाहेर आला. "आली तेव्हा तिला धावायची सवय होती रे! ही सवय तुझ्या पथारीनं लावली. हवा खायला बिडी लागते असा नियम कोणी केला, तिनं?"

तो आत निघून गेला.

रिनानं गाठ सोडली आणि बंडल माझ्या हातात दिलं. "तुमच्याकडे ठेवा, मावशी. मी मागितलं तरी देऊ नका."

दुपारच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. हात पुढे केला. मी दिलं नाही. पोर माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.