बंदर बंद असताना कल्याणच्या खानावळीत

श्रावणात कल्याणला जेवायला जायचे, ही कल्पना नानाची. नाना आमच्यातला खवय्या. त्याचे म्हणणे असे, की बंदर चालू असले म्हणजे खलाशी, व्यापारी आणि हमाल यांची इतकी गर्दी होते, की खानावळवाला पानावर काय पडते तेही पाहत नाही. पावसाळ्यात गलबते काठावर ओढली म्हणजे गिऱ्हाईक तुटते, आणि तेव्हाच तो मन लावून रांधतो. विष्णुपंतांचे मत नेमके उलटे. ते कोर्टात कारकून. दिवसभर साक्षी उतरवून घेता घेता त्यांचा कशावरच विश्वास राहिला नव्हता. "गिऱ्हाईक नाही, म्हणजे कालचे वरण आज," असे म्हणत त्यांनी आपला तांब्या आणि पिण्याचे पाणी बरोबर घेतले. मी शाळामास्तर. दोघांचे भांडण ऐकायला मिळेल म्हणून निघालो.

मुंबईहून सकाळच्या आगगाडीने निघून ठाण्यास उतरलो. मासुंदा तळ्याच्या काठी एका खानावळीत पाने मांडली. आम्हां तिघांवाचून तेथे कोणी नव्हते. भात गरम होता. पण तूप वाढताच विष्णुपंतांनी बोट बुडवून नाकाशी नेले.

"हे कधी कढवले?" त्यांनी विचारले.

"आजच, महाराज," वाढपी म्हणाला, आणि आतल्या माणसाकडे पाहू लागला.

तेवढ्या पाहण्याने आमची भूक गेली. नानाने मात्र दोनदा भात घेतला.

मुंब्र्याचा बोगदा ओलांडला की दोन्ही अंगांना भातखाचरे आणि खाडीचे पाणी लागते. कल्याणला उतरून आम्ही आधी बंदर पाहिले. गलबते चिखलात एका कुशीवर कलंडलेली, वरून झापांनी (नारळाच्या विणलेल्या झावळ्यांनी) झाकलेली. वखारींना कुलुपे होती. एक म्हातारा जाळे विणीत बसला होता, त्याला आम्ही खानावळ विचारली.

"गोविंदभटाकडं जा," तो म्हणाला. "घराला दोन दारं हायत. रस्त्याकडच्या दारानं जा. खाडीकडच्या दाराला जाऊ नका."

"का हो?"

तो जाळ्याची पुढची गाठ मारू लागला.

गोविंदभटाचे जेवण, मी खोटे बोलणार नाही, फार उत्तम होते. आमटीला आमसुलाचा नेमका आंबटपणा, अळूच्या भाजीत ओल्या काजूऐवजी भिजवलेले शेंगदाणे, आणि तूप असे की विष्णुपंतांनाही हुंगण्याची आठवण राहिली नाही. भट स्वतः वाढायला होता. आम्ही कोण, कोठले, किती दिवस राहणार, कल्याणात कोणाची ओळख आहे काय, हे सगळे त्याने भाताच्या एकेका मुदीबरोबर काढून घेतले. ओळख नाही असे कळल्यावर तो मोकळा झाला.

"पलीकडे माझी वहिनी आहे," तो हळूच म्हणाला. "वैशाखात रामभटदादा गलबतावर गेला तो बुडाला. तरी ही बाई कपाळाला कुंकू लावते, केस राखते, आणि वर लोकांना जेवू घालते! परवा न्हावी बोलावला आहे. तोवर पाहुण्यांनी आपला धर्म जपावा."

विष्णुपंतांनी मान डोलावली. पण धर्मशाळेत मुक्कामाला गेल्यावर त्यांना चैन पडेना. "आपण विचारले नव्हते," ते म्हणाले. "न विचारता जो इतके सांगतो, त्याला काहीतरी ठरवून घ्यायचे असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाडीकडच्या दाराने गेलो. गोविंदभटाची ही वहिनी, उमाबाई, तिशीच्या आतबाहेरची बाई. तिने आमच्याकडे पाहिले ते पाहुण्यांकडे पाहावे तसे नव्हे. नाना व मी पानावर बसलो. विष्णुपंत खांबाला टेकून उभेच राहिले. भात अंमळ गिचका होता आणि पिठल्यात मीठ जास्त. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून आमचा घास न घास पाहत होती. माझ्या मनात नाही नाही ते येऊ लागले. वाटसरूंना अन्नपाण्यातून धोतरा देऊन लुबाडल्याच्या गोष्टी त्या काळी फार ऐकू येत. मी पाण्याला हात लावला नाही.

"तुम्हांला भाऊजींनी पाठवलं का?" तिने एकाएकी विचारले.

"आम्ही मुंबईचे. कालच आलो," नाना म्हणाला.

"काल तिकडे जेवलात. आज इकडे. कल्याणात दोन्ही दारांनी कोणी जेवत नाही." मग विष्णुपंतांकडे वळून ती म्हणाली, "आणि हे जेवायलाच आले नाहीत. पाहायला आले आहेत."

विष्णुपंत अशाने गडबडणारे नव्हेत. "तुमचे यजमान हयात आहेत असे तुम्ही म्हणता. कशावरून?"

"माझ्या म्हणण्याला कोण विचारतो? धर्मा तांडेलाला (गलबताच्या मुख्य खलाशाला) विचारा. तो त्या वादळातून वाचला. ठाण्याला चेंदणीच्या कोळीवाड्यात असतो. मी बाईमाणूस तिथं गेले, तर उद्या न्हावी तर आणतीलच, वर दहा नावं ठेवतील."

"कोणीच विचारले नाही त्याला?"

"भाऊजी गेले होते की. येऊन म्हणाले, दादा गेला."

बाहेर पडल्यावर नाना म्हणाला, की बाई दुःखाने भ्रमिष्ट झाली असावी. मला वाटले ती आपल्याला कसल्याशा भानगडीत ओढते आहे, आणि सरळ मुंबईची गाडी धरावी. विष्णुपंत म्हणाले, "ठाणे वाटेतच आहे."

चेंदणीत सुक्या मासळीचा वास चुकवीत आम्ही धर्माचे घर शोधले. दारात बसून तो होडीचे वल्हे तासत होता. तीन पगडीवाले पाहताच उठून उभा राहिला, आणि पहिल्याने त्याला वाटले आम्ही सरकारी माणसे आहोत. बुडालेल्या मालाविषयी त्याने आधीच शपथा घेतल्या. त्याला शांत करण्यातच बराच वेळ गेला.

"रामभट?" तो मग म्हणाला. "तो बामन तं उरनलाच उतरला. वादल झायलं त्याच्या आधी. हातान बोचका व्हता. आमी हाका मारल्या, पन तो मागारी आलाच नाय."

"मग हे कोणाला का सांगितले नाहीस?"

"सांगतला ना! त्याचा भाव आलता. तो बोलला, मी वयनीला सांगतो. मंग मी कशाला जाऊ?"

रामभट मेला, की अर्धे घर आपोआप गोविंदभटाचे. विधवेला कोपरा आणि पोटापुरते अन्न. आणि आदल्या दिवशी त्याचीच आमटी आम्ही इतक्या आवडीने ओरपली होती.

धर्मा यायला तयार नव्हता. ब्राह्मणांच्या भांडणात कोळ्याने पडले की मार कोळ्यालाच बसतो, असे तो म्हणाला, आणि ते काही खोटे नव्हते. शेवटी त्याच्या बायकोने आतून विचारले, "त्या बाईचं केस कापनार हायत का?" नाना हो म्हणाला. तशी ती धर्माचे मुंडासे घेऊन बाहेर आली आणि त्याच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी धर्माला घेऊन आम्ही कल्याणला पोहोचलो तेव्हा गोविंदभटाकडे गावातली चार वडील मंडळी पानावर होती. ओटीच्या पायरीवर न्हावी धोपटी घेऊन बसला होता. धर्मा अंगणातच उभा राहिला आणि तेथून त्याने सारे सांगितले. मंडळींचे हात थांबले.

गोविंदभट हसला. "कोळ्याच्या तोंडच्या गोष्टीवर भरवसा ठेवायचा? दारू पिऊन बोलत असेल!"

विष्णुपंत पायरीशी गेले. आवाज न चढवता त्यांनी विचारले, "भटजी, दादा गेल्याची बातमी तुम्हांला कोणाकडून कळली?"

"ठाण्याहून."

"ठाण्याला कोणाकडून?"

गोविंदभटाची नजर अंगणातल्या धर्माकडे गेली.

"या कोळ्याच्या शब्दावर वहिनी विधवा होते, आणि त्याच्याच शब्दावर ती सुवासिनी ठरत नाही, हे कसे?"

पंगतीतले एक वृद्ध शास्त्री पानावरून उठले. त्यांनी आचवलेसुद्धा नाही. खरकटा हात तसाच धरून ते पायरीपर्यंत आले आणि न्हाव्याला म्हणाले, "तू घरी जा." गोविंदभटाकडे त्यांनी पाहिलेही नाही. बाकीची मंडळी एकेक करून उठली. नंतर पुष्कळ तावातावाचे बोलणे झाले, पण न्हावी परत आला नाही.

आम्ही खाडीकडच्या दाराने जाऊन उमाबाईला सांगितले. ती रडेल, निदान आनंदेल, अशी आमची समजूत. ती चुलीपुढे बसली होती, लाकूड आत सारीत म्हणाली, "ते उरणला उतरले काय? गाव ठाऊक नव्हतं. उतरले असतील हे ठाऊक होतं."

"कसे?" विष्णुपंतांनी विचारले.

"चार दिवसांसाठी गलबतावर जाणारा माणूस देवघरातले देव उचलून नेत नाही. ते गेल्यावर मी पूजेला बसले तर देव्हारा रिकामा. हे गावाला कसं सांगू? नवरा टाकून गेला, हे बायकोनं सांगितलं की दोष बायकोचाच निघतो. परक्या पुरुषांनी सांगायला हवं होतं."

त्या दिवशी विष्णुपंत तिच्याकडे पानावर बसले. पिठल्यात मीठ तेवढेच जास्त होते. त्यांनी दोनदा मागून घेतले.

परतीच्या गाडीत आम्ही फार खुशीत होतो. नानाने विष्णुपंतांना वकील करून टाकले, आणि ठाण्याला उतरताना धर्मानेही आम्हां तिघांना रामराम केला. घरी पोहोचेपर्यंत हकीकत मनात चांगली रचून झाली होती. बायकोला ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. संपल्यावर ती म्हणाली, "आता लोक त्याला उरणला शोधायला जातील."

"जातीलच. शास्त्रीबुवांनी तसे कबूल केले आहे."

"तो परत यावा असं तिला वाटतं का, हे विचारलंत?"

तीन दिवस आम्ही तुपापासून माणसापर्यंत कशाविषयी आणि कोणाला विचारले नव्हते! हे एक मात्र तिघांपैकी कोणालाही सुचले नव्हते. मी पगडी खुंटीला अडकवली, आणि पाय धुवायला मोरीकडे गेलो.