दोन कुलपांच्या काकू

साधं दूध आणायला निघाल्या तरी काकू आधी पर्स चाचपायच्या, मग कोटाच्या आत शिवून घेतलेला खिसा. पर्समध्ये अमेरिकेचा पासपोर्ट, खिशात केनियाचा. "देश आपला असतो गं, काउंटरवरचा माणूस आपला नसतो," म्हणायच्या आणि पुन्हा पर्स चाचपायच्या.

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. समोरच्या गुजराती बेननी ढोकळा आणून दिला, तर या आधी विचारणार, "आज काय विशेष?"

खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशय यायचा. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, पासपोर्ट काढणारीही पहिलीच. माझा पासपोर्ट आला तेव्हा वडिलांनी तो नागपुरात अख्ख्या वस्तीला दाखवला होता. एका माणसाला एक देश, हे मला पक्कं ठाऊक. दोन म्हणजे काहीतरी लफडं. तसं तोंडावर विचारलंही. काकूंचा जन्म नैरोबीचा. अमेरिकन झाल्यावर तिथलं नागरिकत्व गेलं होतं, कायदा बदलला तसं त्यांनी ते परत मिळवलं. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू कुणाला सांगणार आहेस का?"

मग युगांडातल्या कंपालाहून फोन आला. काकूंच्या धाकट्या बहिणीच्या हृदयाचं ऑपरेशन, तेही याच आठवड्यात. बहिणीला दुसरं कुणी नाही. मी लगेच काकूंसाठी युगांडाच्या व्हिसाचा अर्ज भरायला बसले. काकूंनी माझा लॅपटॉपच मिटला.

"अर्ज करून वाट बघत बसायचं ते अमेरिकन बाईने. केनियाच्या बाईला युगांडात व्हिसा लागत नाही. शेजारी आहोत आम्ही."

मला पटलं नाही. वेबसाइट दोनदा वाचली. खरंच होतं.

नैरोबीत उतरून पुढचं विमान घ्यायचं होतं. नेवार्कच्या विमानतळावर अमेरिकन पासपोर्ट बघून काउंटरवरच्या मुलीने केनियात शिरायचं परमिट मागितलं. काकूंनी कोटाची बटणं सोडून दुसरा पासपोर्ट काढला. मुलगी पानं चाळू लागली. "बघ, आता मॅनेजरला बोलावते," काकू माझ्या कानात कुजबुजल्या. तिने हसून बोर्डिंग पास दिला. काकू जरा हिरमुसल्याच.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्या पोचल्या. बहिणीच्या खाटेशेजारी बसून फोन केला. युगांडात शिक्का मारून सरळ पुढे सोडलं, म्हणाल्या. "आणि नैरोबीला खिडकीतला माणूस 'करीबू' म्हणाला. या म्हणे. मी मागे वळून बघितलं, कुणाला म्हणतोय."

जाताना त्यांनी दाराच्या वरच्या कुलपाची किल्ली मला दिली होती, खालच्या कुलपाची बेनना. दोन्ही एका हातात नकोत म्हणून. त्यामुळे दर शनिवारी एका कढीपत्त्याला पाणी घालायला आम्ही दोघी जोडीने जायचो. बेन दारात हसत बसायच्या, "तुझ्यावर नजर ठेवायचं काम आहे माझं."

बहीण वाचली, पण एकटीने राहण्यासारखी राहिली नाही. काकूंचं परतीचं तिकीट पुढे पुढे जात राहिलं. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"खालची किल्लीपण तूच घे. बेनना सांगितलंय मी."

"काकू, नक्की?"



"हो. आणि पाणी घालतानाचा फोटो पाठव."