पोळा आणि अमेरिकनांची मॅच

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच मला खेळायला मिळाली, कारण आमचा कॅप्टन ती खेळला नाही.

तो कॅप्टन, आमचा हमीदभाई, आज सकाळी नांदेडला राहत्या घरी वारला.

मी लातूरला. नव्वदी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला आता मयतीला कोण नेतंय? म्हणून नातवाला म्हणलं, मी सांगतो, तू टाइप कर.

हा नातू परवा लई चिडला होता. बास्केटबॉलचा कुणी मोठा स्टार म्हणे वर्ल्ड कपला येणार नाही. लीगचं शेड्यूल टाइट, बॉडीला रेस्ट पाहिजे.

मी म्हणलं, आमच्या टीमचा स्टार बैलापायी अडकला होता.

स्टार म्हणजे मी. हसू नका. नांदेडच्या आमच्या शाळेत लांबून बास्केट टाकणारा मी एकटाच होतो.

महायुद्धाचे दिवस. सिकंदराबादहून अमेरिकन सोल्जरांची टीम रेल्वेनं मनमाडकडं निघालेली. हमीदभाईनं मास्तरांच्या मागं लागून त्यांना वाटेत नांदेडला एक दिवस थांबवलं. दिवस धरला शुक्रवार. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारचीच असायची.

शाळेच्या भिंतीवर सरकारी फसली कॅलेंडर, सूर्याच्या महिन्यांचं. त्यात आमची अमावास्या कुठून दिसणार?

नेमका त्याच शुक्रवारी पोळा.

मुदखेडजवळ आमची शेती. एक बैल वडिलांनी धरायचा, दुसरा थोरल्या लेकानं, आणि जोडी तोरणाखालून न्यायची, ही घरची रीत. वडिलांचा निरोप आला, घरी ये. मी गेलो. वडिलांपुढं बोलायची छाती कुणाची?

अमेरिकनांची पुढची गाडी ठरलेली. तारीख हलणार नव्हती.

आदल्या दिवशी आम्ही बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होतो, तर हमीदभाई दारात. त्यानं वडिलांना सगळं सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं,

"मग बैल कोन धरंल?"

"मैं धरतूं, मामा. इसको भेज देव."

मी चाटच पडलो. मॅच त्यानं ठरवलेली, कॅप्टन तो, आणि जन्मात कधी बैलाच्या जवळ गेलेला नाही.

सकाळच्या गाडीनं मी नांदेड गाठलं. आम्ही हरलो, सपाटून हरलो. पण माझे लांबचे बास्केट बघून त्या ताडमाड गोऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी आलो, तर हमीदभाई ओसरीवर पुरणपोळी खात बसलेला. हाताला शिंगांचा रंग, पायावर बैलाचा खूर पडलेला. वडील म्हणाले, पोरगं बैलाला भिऊन राहिलं होतं, पण कासरा सोडला न्हाई.

पुढं निजामाचं राज्य गेलं. ते दिवस मुसलमानांसाठी वाईट होते. हमीदभाईच्या घरची सगळी माणसं तेव्हा आमच्याकडं राहिली. गावातले काही जण दारात येऊन विचारायचे, ही कोण माणसं?

वडील उंबऱ्यात उभे राहायचे आणि एवढंच सांगायचे, "पोळ्याला माझा बैल यानं धरला होता. घरचाच हाय."

त्यापुढं कुणी काही विचारलं नाही.

हमीदभाई, तुझ्यामुळं मी खेळलो. जन्मभर खेळाचा मास्तर झालो, त्यावरच घर चाललं. तुझे उपकार फिटायचे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत.

माझ्या कॅप्टनला शेवटचा सलाम.