तळ्यावरची खळ

लाँड्रीवाल्या वहिनी नाकावर माशी बसू देत नसत, आणि त्यांनी धुतलेल्या कपड्यावर बसायची माशीलाच भीती वाटते, असं गल्लीत गमतीनं म्हणत. नवरा इस्त्रीच्या टेबलापाशी, धाकटा दीर पाण्याच्या टँकरवर आणि बाकी सगळा कारभार वहिनींच्या हाती. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना पहिलं काम दिलं ते खळ शिजवण्याचं. खळीत गुठळ्या झाल्या. "ही खळ आहे की खडी?" सासूबाई म्हणाल्या. ते वहिनींना असं लागलं, की पुढे त्यांच्या खळीत गुठळी शोधूनही सापडली नाही. सासूबाईंच्या मागे त्यांनी दवाखान्याचं काम मिळवलं. खाटांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. घर चालत होतं ते त्याच कामावर.

पावसानं पुन्हा पाठ फिरवली आणि गावालगतचं तळं ठणठणीत कोरडं पडलं. पाणी लांबच्या विहिरीवरून टँकरनं येऊ लागलं. त्यातच रोज दुपारी वारा सुटायचा आणि धुळीची भिंतच्या भिंत गावावर चालून यायची. पांढऱ्याशुभ्र चादरी दोरीवरून मातकट होऊन उतरायच्या.

एके दिवशी दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर स्वतः गठ्ठा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी, या चादरी धुवायला दिल्या होत्या की पेरायला?"

"दुष्काळ आहे सिस्टर. धूळ उडणारच."

"जखमेला दुष्काळ कळत नाही. पुढच्या आठवड्यात चादरी अशाच आल्या तर काम शहरातल्या मशीनवाल्याकडे जाईल. मग मला बोल लावू नका."

सिस्टर गेल्या. वहिनी गठ्ठ्याकडे बघत बसल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मी नवी नवरी होते तेव्हाही तळं आटलं होतं ना?"

"आटलं होतं की. क्रिकेट खेळायचो आम्ही काठाला."

"मग तेव्हा कपडे कसे राहायचे पांढरे?"

नवऱ्यानं इस्त्री उभी केली, डोकं खाजवलं आणि पुन्हा आडवी केली.

वहिनी चपला घालून तळ्यावर गेल्या. काठाजवळ कोणाचा पाय न लागलेला गाळ वाळून कडक झाला होता. वर पातळशी साय धरली होती. वारा त्यावरून सरसर जात होता, पण कण हलत नव्हता. तळ्याच्या मधोमध मात्र गाड्यांनी रस्ता पाडला होता, चांगला ऐसपैस. तिथं पिठासारखा फुफाटा झाला होता. घोंगावत उठत होती ती सगळी धूळ तिथली.

वहिनींनी वाळक्या गाळाचा एक पापुद्रा उचलून बोटांत चोळला. भुगा झाला. खळ दिलेल्या कपड्याचं हेच तर होतं! हात लावला नाही तर फळीसारखा ताठ राहतो, चुरगाळला की पांढरी भुकटी झडते. तळ्यानं आटताना स्वतःला खळ देऊन घेतली होती आणि चाकांनी ती चुरगाळली होती.

मग त्यांना आणखी एक आठवलं आणि त्या जागच्या जागी चरकल्या. तळ्यातून यायचं दिराला सांगितलं कोणी? त्यांनीच. पाणी सकाळीच हवं होतं ना! त्याचा टँकर पाहून मग विटांचे ट्रक आले, मग सगळं जगच.

संध्याकाळी दीर जेवायला बसला तेव्हा त्यांनी विषय काढला.

"भाऊजी, उद्यापासून वळशानं यायचं."

"वहिनी, रस्ता तुम्हीच दाखवलात!"

"दाखवला ना? मग बंदही मीच करते."

"पाणी दुपारी येईल. धुणार कधी, वाळवणार कधी?"

"दुपारीच. या उन्हात चादर वाळायला असा कितीसा वेळ लागतो?"

"ऐन वाऱ्यात?" त्याचा घास हातातच राहिला.

"ऐन वाऱ्यात."

दुसऱ्या दिवसापासून धुण्याचं सांडपाणी त्यांनी गटारात जाऊ दिलं नाही. त्यात पातळ खळ कालवून पिंपं भरली आणि कपडे पोचवायच्या टेम्पोवर चढवली. नवरा टेम्पो चालवायचा आणि मागे बसून वहिनी नळी धरायच्या, म्हणजे चाकं पुढे जायची आणि पाणी मागे पडायचं. गावाच्या बाजूनं सुरुवात करून रोज संध्याकाळी थोडं थोडं तळं भिजवलं. रस्त्याच्या तोंडाशी आडवी दोरी बांधून तिच्यावर जुन्या चादरी टांगल्या.

विटांचा ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबूनच धरला.

"ओ बाई, रस्त्यात कपडे वाळत घालतात का?"

"रस्ता तिकडून आहे दादा. हे तळं आहे."

"मी घाईत आहे!"

"मग घाला गाडी चादरींवरून. पण धुऊन तुम्हीच द्यायच्या. आणि घरी गेल्यावर विचारा, ताटातली माती कुठून येते ते."

ड्रायव्हर पुटपुटला. मग हसला, आणि ट्रक मागे घेतला.

सिस्टरांनी सांगितलेला दिवस आला. दुपारी चादरी दोरीवर चढल्या आणि वारा सुटला. दीर टँकरला टेकून बघत होता. आभाळ पिवळट झालं, लांबून कुठून तरी बारीक धूळ आलीच, पण ती भिंत काही उठली नाही. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, जिथं पाणी पोचलं नव्हतं, तिथून तेवढा एक पट्टा भुरभुरत होता. वहिनींनी ओल्या पांढऱ्या फडक्यानं प्रत्येक चादर टिपून पाहिली. कडेची एक रांग नापास केली, बाकीचा गठ्ठा बांधून स्वतः दवाखान्यात नेला.

सिस्टरांनी चादर उजेडात धरली, झटकली, नाकाशीही नेली.

"वारा पडला वाटतं तुमच्याकडे?"

"नाही हो. तो आहे तस्साच आहे. काही चादरी कमी आहेत, त्या पुन्हा धुतल्यात. उद्या देते."

"द्या सावकाश. काम कुठे जात नाही आता," सिस्टर म्हणाल्या.

वहिनी मान ताठ ठेवून बाहेर पडल्या. घरी पोचल्या तेव्हा नवरा इस्त्री आवरत होता.

"अहो, ती राहू द्या. खळीचं मोठं पातेलं चढवा आधी," त्या पदर खोचत म्हणाल्या. "पलीकडचं टोक राहिलंय."